दवाखाना घरात आला, त्याचा कचरा कुणाचा?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दवाखान्याचा बराच भाग आपल्या घरात राहायला आला. फ्रीजच्या दारात इन्सुलिनची पेनं असतात, टीव्हीखालच्या खणात ग्लुकोमीटर आणि बीपीचं यंत्र असतं, आजोबांच्या खोलीत नेब्युलायझर, लघवीची पिशवी आणि डायपरचे गठ्ठे असतात. ऑपरेशन झालेला माणूस काही दिवसांत घरी येतो आणि पुढचं ड्रेसिंग घरीच होतं. मूत्रपिंडं निकामी झालेले काही रुग्ण पोटातून करायचं डायलिसिस घरीच करतात. त्यात दिवसाला साधारण चार वेळा दोन-दोन लिटरच्या पिशव्या बदलाव्या लागतात, म्हणजे रोज चार मोठ्या पिशव्या आणि त्यांच्या नळ्या कचऱ्यात. कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातल्या माणसाला मॉर्फिनही घरीच दिलं जातं.

हे चांगलं झालं. रुग्णालयातली खाट महाग आहे, आणि आजारपणात आपली माणसं आसपास असण्याला मोल आहे. पण खाट घरी आली तेव्हा रुग्णालयातली कचरा ठेवण्याची आणि उचलण्याची व्यवस्था मात्र मागेच राहिली. नर्स जी सुई न वाकणाऱ्या, न फाटणाऱ्या डब्यात टाकते, तीच सुई घरात भाजीच्या देठांबरोबर जाते. रुग्णालयात जी मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत जातात, ती घरात बेसिनमध्ये ओतली जातात.

या प्रश्नावर आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक वेळा नागरिकांच्या बेशिस्तीबद्दल. लोकांना कळत नाही, लोक वेगळं काढत नाहीत, लोकांचं प्रबोधन करा. मला हे निदान अपुरं वाटतं. ज्या घरात सुया नीट डब्यात साठवल्या जातात, त्या घरालाही तो भरलेला डबा शेवटी द्यायचा कुणाला हे ठाऊक नसतं. औषध कारखान्यातून घरापर्यंत पोहोचवणारी साखळी आपल्याकडे उत्तम चालते. घरातून परत जाण्याची वाट मात्र बहुतेक ठिकाणी कुणी आखलेली नाही. ती आखली पाहिजे, ती औषधाच्या दुकानातून गेली पाहिजे आणि तिचा खर्च हा माल बनवून विकणाऱ्यांनी उचलला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी कायद्याकडे पाहू. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २८ मार्च २०१६ रोजी आले, घनकचऱ्याचे त्यानंतर अकरा दिवसांनी, ८ एप्रिलला. पहिल्या नियमांची व्याप्ती मोठी आहे. रुग्णालयं, दवाखाने, रक्तपेढ्या, प्रयोगशाळा, जनावरांचे दवाखाने तर त्यात आहेतच, शिवाय रक्तदान शिबिरं, लसीकरण शिबिरं आणि शाळेतली प्रथमोपचाराची खोलीही आहे. शाळेच्या पटांगणावर एक दिवस शिबिर भरलं तर तिथल्या प्रत्येक सुईचा हिशेब द्यावा लागतो, पिशवीवर बारकोड लागतो, प्रक्रिया न केलेला कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त साठवून ठेवता येत नाही. ज्या घरात एक माणूस रोज दोनदा किंवा चारदा, वर्षानुवर्षं स्वतःला टोचून घेतो, ते घर या यादीत नाही.

घराची सोय दुसऱ्या नियमांत केली गेली. तिथे ‘घरगुती घातक कचरा’ असा एक वर्ग होता. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, ट्यूबलाइट, जुन्या बॅटऱ्या यांच्याच रांगेत मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या सुया, सिरिंज आणि माखलेल्या पट्ट्या बसवल्या होत्या. नागरिकाने हा कचरा वेगळा ठेवायचा, आणि स्थानिक संस्थेने दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक केंद्र उघडायचं, जिथे तो नेऊन देता येईल. मुंबई महापालिकेचं क्षेत्र सव्वाचारशे चौरस किलोमीटरहून अधिक आहे. या हिशेबाने तिथे किमान बावीस केंद्रं केव्हाच उभी राहायला हवी होती, आणि प्रत्येक रहिवाशाला आपलं केंद्र टपाल कार्यालयासारखं तोंडपाठ हवं होतं. मी ज्या ज्या शहरातल्या परिचितांना विचारलं, त्यांतल्या एकालाही आपलं केंद्र सांगता आलं नाही. नागरिकाचं कर्तव्य कागदावरून घराघरात पोहोचवलं गेलं, घंटागाडीच्या भोंग्यावरून रोज ऐकवलं गेलं. पालिकेचं कर्तव्य कागदावरच राहिलं.

आता घनकचऱ्याचे नवे, २०२६ चे नियम आले आहेत. त्यांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे कचऱ्याचे चार भाग सांगितले आहेत आणि औषधं या चौथ्या भागात आहेत. पॅड आणि डायपर यांना स्वतःचा वर्ग मिळाला, हे मी पुढचं पाऊल मानते. पण घरात चौथा डबा ठेवून काय साधणार, जर गल्लीत आलेल्या गाडीला चौथा कप्पा नसेल?

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी सुईची वाटते, म्हणून तिच्यावर थोडं थांबते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मोठ्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत. त्यांतले सगळेच इन्सुलिन घेत नाहीत, पण जे घेतात त्यांचा कचरा रोजचा आहे. एक ते चार सुया, शिवाय साखर तपासण्यासाठी बोटाला टोचायची लॅन्सेट, आणि रक्ताचा थेंब लागलेली पट्टी. ही सुई घरातून कशी बाहेर पडते? कुणी टोपण लावून तशीच टाकतं. कुणी वर्तमानपत्रात गुंडाळतं. कुणी दुधाच्या पिशवीत गाठ मारून घालतं. चार मिलिमीटरची पेनची सुई डोळ्यांना धड दिसत नाही, आणि कागद किंवा दुधाची पिशवी तिला अडवू शकत नाही.

पिशवी घंटागाडीत जाते. तिथून वर्गीकरणाच्या शेडमध्ये. तिथे एक बाई दिवसभर हात घालून कागद, काच, पुठ्ठा, पत्रा वेगळा करते. हातमोजे असतात तेव्हा ते बहुधा कापडी किंवा पातळ रबरी असतात. सुई दोन्हींतून आरपार जाते. उन्हाळ्यात ते घालून काम करवत नाही, आणि पातळ प्लॅस्टिकची जात ओळखायला बोटांचा स्पर्श लागतो, म्हणून काही जणी ते काढूनच काम करतात.

टोचल्यावर पुढे काय होऊ शकतं याचे आकडे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अनुभवातून जगाला माहीत आहेत. हेपटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली तर शंभरातल्या सहा ते तीस जणांना संसर्ग होऊ शकतो. हेपटायटिस सीसाठी हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास, एचआयव्हीसाठी हजारात तीन. रुग्णालयातल्या ताज्या सुयांचे हे आकडे कचऱ्यातल्या जुन्या सुईला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि घरातली सुई शेडमध्ये पोहोचायला एक दिवसही लागत नाही.

हेपटायटिस बीवर लस आहे, स्वस्त आहे, तीन डोसांत काम होतं. आज शेडमध्ये काम करणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांच्या बालपणी ती सरकारी लसीकरणात नव्हती. रुग्णालयाचा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी सफाई कामगाराला गणवेश, चकाकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, बूट आणि मास्क देऊ केला; त्या कलमात लसीचं नाव नव्हतं. म्हणजे एकच सुई रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडली तर ती उचलणारा माणूस नियमाने लस घेतलेला असतो, आणि सोसायटीच्या दारातून बाहेर पडली तर तिला हात लावणारी बाई असुरक्षित असते. हा भेद मला अन्यायाचा वाटतो, आणि तो दूर करायला कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही. प्रत्येक महापालिकेने, नगरपालिकेने आपल्या कायम, कंत्राटी आणि स्वतंत्र अशा सर्व कचरा कामगारांना ही लस यंदाच द्यावी. सुई टोचल्यास एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा बहात्तर तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात, हेही प्रत्येक शेडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं.

पुण्यातल्या कचरावेचक महिलांनी या बाबतीत आधीच आवाज उठवला. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ ची, तिच्यातून पुढे उभी राहिलेली स्वच्छ ही सहकारी संस्था पुण्यातल्या घरोघरचा कचरा उचलते. २०१३ मध्ये या बायकांनी वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले. तुमच्या मालाच्या शेवटाची किंमत आमच्या हातांनी का मोजायची, असा तो सवाल होता. पुढे २०१६ च्या नियमांत पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी गुंडाळून टाकण्यासाठी वेष्टन द्यावं, आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तू बनवणाऱ्यांनी पालिकेला आर्थिक हातभार लावावा असं आलं. अंमल तोकडा राहिला. पण बनवणारा जबाबदार, हे तत्त्व नियमात लिहिलं गेलं. मी सुई आणि औषधासाठी त्याच तत्त्वाची मागणी करते आहे.

आता औषधांकडे वळू. घरात औषधं उरतात, कारण डॉक्टर पाच दिवसांचं लिहून देतात आणि दुकानदार अनेकदा दहा गोळ्यांची पट्टी कापून देत नाही. कारण दोन दिवसांत बरं वाटलं की अँटिबायोटिक थांबवलं जातं. कारण डॉक्टर बदलला, गोळी बदलली. आणि कारण माणूस जातो. मृत्यूनंतरच्या तेराव्या दिवसापर्यंत कपाटात तशीच राहिलेली औषधं कोणी उचलायची आणि कुठे टाकायची, हा प्रश्न अनेक घरांनी अनुभवला आहे. टाकायला मन होत नाही, कारण ती महाग असतात. मग ती कामवाल्या मावशींना दिली जातात, शेजारच्या काकांना दिली जातात. आपल्या काटकसरीत चांगुलपणा आहे हे मी मानते, पण दुसऱ्याचं अर्धवट अँटिबायोटिक देण्यात चांगुलपणा नाही. चुकीचं औषध चुकीच्या प्रमाणात गेलं की जंतू मरत नाहीत, पुढच्या औषधाला दाद न देणारे जंतू वाढतात.

दुसरी वाट बेसिनची. पाण्यात गेलेलं औषध नाहीसं होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज सुमारे बहात्तर हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातल्या सुमारे अठ्ठावीस टक्क्यांवरच प्रत्यक्ष प्रक्रिया होते. जिथे प्रक्रिया होते तिथली यंत्रणाही मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असते; औषधांचे रेणू वेगळे काढण्यासाठी नाही.

एका जिवासाठी बनवलेलं औषध दुसऱ्या जिवाला काय करतं, याचा सर्वांत कठोर धडा भारताने गिधाडांच्या रूपाने घेतला आहे. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि काही वर्षांत गिधाडांच्या तीन जाती नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. कारण शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये सिद्ध केलं, २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. तिथे घरगुती कचऱ्याचा संबंध नव्हता, हे खरं. पण जे सांधेदुखीवर आपण घरात सहज घेतो, त्या रेणूची ताकद किती आहे, हे त्यातून कळतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. घरातल्या चार गोळ्यांचं काय घेऊन बसलात, कारखान्यांकडे बघा. हैदराबादजवळच्या पटानचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लिटरला एकतीस मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. तेवढं प्रमाण औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातही नसतं. कारखान्यांचा दोष मोठाच आहे आणि त्यावरची कारवाई आधी व्हावी, हे मला मान्य आहे. पण मोठा दोषी सापडला म्हणून लहान गळती उघडी ठेवायची, हे तर्कात बसत नाही. शिवाय हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. औषध बनवताना नदीत काय जातं आणि वापरून झाल्यावर काय जातं, ही एकाच धंद्याची दोन टोकं आहेत, आणि जबाबदारीही एकाच ठिकाणी जाऊन थांबते.

सरसकट सगळी औषधं कचऱ्यात टाका किंवा सगळी ओतू नका, असंही सांगता येत नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात सतरा औषधांची यादी आहे. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, ब्युप्रेनॉर्फिन, ऑक्सिकोडोन, डायझेपाम यांसारखी ही औषधं परत देण्याची सोय नसेल तर शौचालयात टाकून पाणी सोडावं, असं त्यात म्हटलं आहे. कारण साधं आहे. वापरून काढलेल्या फेंटानिलच्या चिकटपट्टीतही इतकं औषध शिल्लक राहतं, की लहान मुलाने ती तोंडात घातली किंवा अंगाला चिकटवली तर जीव जाऊ शकतो. नदीचं थोडं नुकसान आणि मुलाचा जीव यांत निवड करायची वेळ आली तर ती उघड आहे. पण अशी निवड करण्याची वेळ कुटुंबावर येते, तीच मुळी परत देण्याची जागा नाही म्हणून. बाकी सर्व औषधांना हा अपवाद लागू नाही.

मग परतीची वाट कुठली? ती आपल्या गल्लीच्या तोंडाशी आधीपासून आहे. औषधाच्या दुकानात मुदत संपलेला माल विकायला बंदी आहे. दुकानदार तो वेगळ्या खोक्यात ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहून ठेवतो, स्टॉकिस्टला परत करतो, स्टॉकिस्ट कंपनीकडे पाठवतो, आणि दुकानदाराला त्याचे पैसे वळते होतात. या धंद्यात ‘एक्स्पायरी’ परत करणं हा दर महिन्याचा व्यवहार आहे. म्हणजे गाड्या आहेत, खोकी आहेत, पावत्या आहेत, शेवटी ते नष्ट करण्याची व्यवस्थाही आहे. ही साखळी दुकानाच्या काउंटरवर येऊन थांबते. काउंटरच्या आत मुदत संपलेली गोळी कंपनीची, आणि काउंटर ओलांडून पाच मिनिटांपूर्वी बाहेर गेलेली गोळी कुणाचीच नाही.

बाकीच्या मालाच्या बाबतीत आपल्या देशाने हा काउंटर केव्हाच ओलांडला. २०२२ या एकाच वर्षात प्लॅस्टिक वेष्टनं, बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक कचरा या तिन्हींसाठी बनवणाऱ्याची जबाबदारी ठरवणारे नियम आले. त्याचा घरातल्या ग्लुकोमीटरवर काय परिणाम झाला ते पाहा. यंत्र निकामी झालं तर त्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, कारण वैद्यकीय उपकरणं इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या यादीत आहेत. आतल्या सेलची जबाबदारी आहे. ज्या प्लॅस्टिकमध्ये ते बांधून आलं त्याचीही आहे. पण ज्या लॅन्सेटला रक्त लागलं आणि जी उद्या कुणाच्या तरी बोटात जाणार आहे, तिची जबाबदारी कुणावरही नाही. गोळीच्या प्लॅस्टिकचा हिशेब कंपनीला द्यावा लागतो, गोळीचा नाही.

बाहेर हे जमलेलं आहे. स्वीडनमध्ये १९७१ पासून औषधाची दुकानं लोकांची उरलेली औषधं परत घेतात. फ्रान्समध्ये दुकानांनी ती घेणं कायद्याने बंधनकारक आहे आणि पुढची व्यवस्था औषध कंपन्यांच्या पैशांवर चालणारी संस्था बघते. घरी टोचून घेणाऱ्या रुग्णांना सुयांसाठी पिवळे डबे दुकानातूनच मोफत मिळतात आणि भरलेले परत घेतले जातात. ते श्रीमंत देश आहेत, असं कुणी म्हणेल. तर मग केरळ पाहा. तिथल्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये कोझिकोड महापालिका आणि उळ्ळियेरी ग्रामपंचायत इथे घरातली निकामी औषधं गोळा करायला सुरुवात केली, दुकानांत खोकी ठेवली आणि घरोघरीही माणसं पाठवली. मुंबई महापालिकेने मे २०२५ पासून सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी नोंदणी करून घेऊन वेगळी गाडी सुरू केली, तीत मुदत संपलेली औषधं, सुया आणि मलमपट्ट्याही घेतल्या जातात. मुंबईतल्या वाचकांनी आपली सोसायटी नोंदवली आहे का, हे आजच विचारावं.

आणि हे जमतं याचा पुरावा आपल्या स्वतःच्या आठवणीत आहे. २०२० मध्ये घरी विलगीकरणात असलेल्या करोना रुग्णांचा कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा घेतला गेला. नियम काही आठवड्यांत आले, पालिकांनी वेगळी माणसं आणि वाहनं लावली, आणि तो कचरा जैववैद्यकीय प्रक्रिया केंद्रांत गेला. ज्या घरांत कचरा कधी वेगळा होत नव्हता, तिथेही मास्क बहात्तर तास कागदी पिशवीत ठेवून, कापून टाकायला लोक शिकले. भीती होती म्हणून हे झालं हे खरं, पण गाड्या भीतीने धावत नाहीत, आदेशाने धावतात.

औषध दुकानदारांची बाजूही न्याय्य आहे. दुकान दहा बाय बाराचं, त्यात घाणेरड्या सुया कुठे ठेवायच्या? कुणी दुधाच्या पिशवीत उघड्या सुया आणून काउंटरवर ठेवल्या तर काम करणाऱ्या मुलाचं काय? गोळा झालेली औषधं नव्या तारखेचा शिक्का मारून परत बाजारात आली तर आळ कुणावर? हे तिन्ही प्रश्न व्यवस्थेनेच सोडवावे लागतील. सुईचा डबा दुकानदाराने इन्सुलिनबरोबरच द्यावा, बंद झाल्यावर न उघडणारा, आणि भरलेला तसाच बंद परत घ्यावा. गोळ्यांचं खोकं वरून चीर असलेलं, कुलपाचं असावं. ते उघडण्याची मुभा फक्त जैववैद्यकीय केंद्राच्या माणसाला असावी. वजन आणि बारकोड रुग्णालयाच्या पिशवीसारखाच असावा. आणि खर्च कंपनीकडून यावा. लाखो रुग्ण रोज विकत घेतात अशा मालाच्या किमतीत तो इतका विरघळून जाईल, की रुग्णाला जाणवणारही नाही.

गावाची गोष्ट वेगळी आहे. तिथे अनेक ठिकाणी घंटागाडी नाही, दुकान चार-पाच मैलांवर. तिथे औषधी कचरा उकिरड्यावर जातो किंवा बंबात जळतो. लघवीच्या पिशव्या, सलाईनच्या नळ्या यांत बऱ्याचदा पीव्हीसी असतं. ते उघड्यावर जाळलं की विषारी धूर निघतो, आणि सुई जळूनही टोकदारच राहते, पुढे शेणखताबरोबर शेतात जाते आणि अनवाणी पायात घुसते. पण गावातही एक तयार साखळी आहे. बालकांच्या लसीकरणाच्या दिवशी वापरलेल्या सिरिंजची सुई हब कटरने तोडली जाते आणि सगळा कचरा लसीच्या डब्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात परत जातो. त्याच वाहनाने महिन्यातून एकदा गावातल्या मधुमेही रुग्णांचे बंद डबे नेले तर कुणाचंही फारसं अडणार नाही. आशाताईला गावात कोण इन्सुलिन घेतं हे नावानिशी माहीत असतं. तिला हे काम द्यायचं तर त्याचा मोबदलाही ठरवून द्यावा, एवढी अट मात्र हवी.

ही व्यवस्था येईपर्यंत घराने काय करावं? सुया आणि लॅन्सेटसाठी कपडे धुण्याच्या द्रवाची किंवा फिनेलची रिकामी, जाड प्लॅस्टिकची, झाकण फिरवून बंद होणारी बाटली ठेवा. पाण्याची पातळ बाटली नको, काचेची नको. सुई वापरली की सरळ आत टाका, हाताने वाकवू किंवा तोडू नका. पाऊण भरली की झाकण लावून चिकटपट्टीने बंद करा आणि मराठीत ठळक लिहा: ‘वापरलेल्या सुया, उघडू नये’. मग ती ज्या डॉक्टरांकडे किंवा तपासणी केंद्रात तुम्ही नेहमी जाता, तिथे घ्याल का म्हणून विचारा. त्यांच्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येतेच. काही जण नाही म्हणतील, काही जण हो म्हणतील. ते शक्य नसेल तर बाटली कचऱ्यात मिसळून टाकू नका, कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा.

गोळ्या परत देण्याची सोय कुठेच नसेल, तर पट्टीतून काढून, कुस्करून, वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत कालवून, घट्ट बंद पिशवीत घालून सुक्या कचऱ्यात न मिसळता द्या. अशी गोळी कुणी उचलून विकू शकत नाही आणि जनावर खात नाही. पट्टी अख्खी टाकू नका. कॅन्सरची आणि हार्मोनची औषधं मात्र कुस्करायची नाहीत, ती हाताने हाताळणंही धोक्याचं आहे. ती ज्या रुग्णालयाने दिली तिथेच परत न्या. दम्याचा पंप दाबाखाली भरलेला असतो, तो जाळू नका. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका, खिडक्या उघडा, कडक कागदाने थेंब गोळा करून बाटलीत बंद करा. रक्ताने माखलेली पट्टी आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल गोल काढा. पुण्यात कचरावेचक महिलांनी रुजवलेली ही खूण आहे आणि तिच्यामुळे पुडकं उघडावं लागत नाही.

हे सगळं करूनही आपण फक्त धोका कमी करतो, संपवत नाही, कारण शेवटची कडी आपल्या हातात नाही. ती पालिका, अन्न व औषध प्रशासन आणि औषध कंपन्या यांच्या हातात आहे, आणि त्यांना विचारणारं कुणी असलं तरच ती जोडली जाईल. म्हणून माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी औषध आणायला जाल तेव्हा दुकानदाराला विचारा की उरलेली औषधं आणि सुया तुम्ही परत घेता का. एकाच दुकानात पन्नास लोकांनी विचारलं तर तो त्याच्या संघटनेत विषय काढेल. आणि तुमच्या वॉर्ड ऑफिसला लेखी पत्र द्या की विशेष काळजीच्या, म्हणजे घरगुती घातक कचऱ्याचं आमचं केंद्र कुठे आहे, ते किती वाजता उघडं असतं आणि आमच्या भागातल्या कचरा कामगारांना हेपटायटिस बीची लस दिली आहे का. उत्तर आलं नाही तर हेच तीन प्रश्न दहा रुपयांचं शुल्क भरून माहितीच्या अधिकारात विचारा. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.